गरम आहे तोवर

लाकडाच्या भट्टीत पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत भाजून होतो. पीठ मुरायला आदला दिवस गेलेला असतो, भट्टी तापायला दोनेक तास गेलेले असतात, आणि मग सगळं दीड मिनिटात आटोपतं. बाहेर आल्यावरही त्याला फार आयुष्य नसतं. पहिली काही मिनिटं कड कुरकुरीत असते, आतून हवेने भरलेली असते, चीज अजून वाहतं असतं. तेवढ्यात खाल्ला तर तो पिझ्झा. दहा मिनिटांनी त्याच ताटलीत चिवट आणि गार असं काहीतरी उरतं. म्हणून हा पदार्थ घरी मागवू नये असं माझं ठाम मत आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात तो स्वतःच्याच वाफेत भिजतो आणि दारात पोचेपर्यंत कड लोळागोळा होते. खायचा तर उठून तिथे जावं, भट्टीसमोर बसावं आणि ताटलीत पडताक्षणी हात घालावा.

ठाण्यात, नौपाड्यातल्या राम मारुती रोडच्या एका आतल्या गल्लीत, असं एक ठिकाण आहे. जुन्या इमारतीचा तळमजला, मोजकी टेबलं, लाकडी बाकं, भिंतीला लावून रचलेली जळणाची लाकडं. आत शिरलं की आधी भट्टी दिसते, मग गल्ला. काटे-चमचे मागितले तर देतात, नाही मागितले तर कुणी वळून बघत नाही. शाळकरी मुलं भट्टीसमोरच्या कट्ट्याशी जाऊन उभी राहतात आणि त्यांना कुणी हाकलत नाही. एवढ्या गोष्टींवरून मला ते ठिकाण आवडलं. खाणं चांगलं आहे हे नंतर कळलं.

भट्टीवर एक गढवाली मुलगा असतो. दुपारी चारच्या सुमाराला, गिऱ्हाईक नसताना, तो मोकळेपणाने बोलतो. मला आधीपासून जाणून घ्यायचं होतं की घरच्या ओव्हनमध्ये हे का जमत नाही. आमचा ओव्हन फार तर अडीचशे अंशांपर्यंत जातो. नेपल्समध्ये १९८४ साली पारंपरिक पिझ्झा जपण्यासाठी कारागिरांची एक संघटना स्थापन झाली. तिच्या नियमांत भट्टीचं तापमान ४३० ते ४८० अंश सेल्सियस असं दिलेलं आहे. अडीचशे अंशांवर पिझ्झा बराच वेळ आत ठेवावा लागतो, तेवढ्यात पिठातलं पाणी उडतं आणि कड कडक होऊन बसते. साडेचारशेवर पिठाला वाळायला उसंतच मिळत नाही. आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, कड टम्म फुगते, वर काळे ठिपके उमटतात आणि आत लुसलुशीतपणा टिकून राहतो.

या मुलाजवळ एक तापमापक आहे, पण तो त्याच्याकडे क्वचितच बघतो. भट्टी पेटवली की घुमट आतून काजळीने काळा होतो. तापत गेला की ती काजळी जळून जाते आणि विटा पुन्हा पांढुरक्या दिसायला लागतात. मग तो लाकडं आणि निखारे एका बाजूला सारतो, तळ झाडून घेतो आणि चिमूटभर मैदा तळावर टाकतो. मैदा तत्क्षणी काळा पडला तर तळ फार तापलाय, थोडं थांबायचं. हळूहळू तांबूस झाला तर लागा कामाला. उष्णता तीन वाटांनी येते: तळाच्या विटांमधून खालून, घुमटामधून वरून, आणि बाजूच्या लाकडांची ज्वाळा घुमटाच्या वळणाने पुढे झेपावते, तिची थेट. आगीकडची बाजू अर्थातच आधी भाजते. त्यामुळे लांब दांड्याच्या लोखंडी उलथण्याने पिझ्झा सतत फिरवत राहावं लागतं. त्या दीड मिनिटात त्याला दुसरीकडे नजर वळवता येत नाही. कुणी हाक मारली तरी तो ओ देत नाही, आणि ते उद्धटपणाचं वाटत नाही.

लाकूड बाभळीचं, कधी आंब्याचं. सुकं हवं. ओलं लाकूड नुसता धूर करतं आणि त्याची आग घुमटापर्यंत चढतच नाही.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सासूबाईंना घेऊन तिथे गेले होते. आम्ही दोघी कोपिनेश्वराच्या देवळात गेलो होतो. बाहेर पडलो तो तलावपाळीवर पावसाने गाठलं. मासुंदा तलावावर पाण्याची नुसती धूळ उडत होती, रिक्षा एकही थांबत नव्हती. मुलगी गोखले रोडवरच्या क्लासमधून सुटत होती, नवरा स्टेशनवर उतरत होता. सगळ्यांना एकाच ठिकाणी बोलावून घ्यावं म्हणून मी त्या गल्लीचं नाव सांगितलं. आईंनी पिझ्झा आधी खाल्लेला होता, पण तो खोक्यातला, वाढदिवसाला नातीच्या मैत्रिणी यायच्या तेव्हाचा. त्यांचं त्याबद्दल चांगलं मत नव्हतं आणि ते त्यांनी वाटेत सांगितलंही.

अशा ठिकाणी सगळ्यांचे पिझ्झे एकदम येत नाहीत. भट्टीत एका वेळी दोन-तीनच मावतात, जो झाला तो टेबलावर. पहिला आला तो साधा मार्गरीटा. टोमॅटो, मोझरेला, वर हिरवी पानं. वाढणाऱ्याने तो आईंच्या पुढ्यात ठेवला. आईंनी ताटली नातीकडे सरकवली. ‘तू घे, मला मागाहून.’ दुसरा आला, तो त्यांनी मुलाकडे सरकवला. ऑफिसातून भुकेलेला आलाय म्हणाल्या. तिसरा माझ्याकडे. ‘तुमचं होऊ दे सगळ्यांचं, मग घेते मी.’

हे वाक्य मी लग्न होऊन या घरात आल्यापासून ऐकत आलेय आणि त्याच्याही आधी माहेरी आईच्या तोंडून ऐकलंय. त्या संध्याकाळी ते नेहमीपेक्षा जास्त टोचलं, कारण समोर जे होतं ते थांबणारं नव्हतं. माझी मुलगी तोंडात घास ठेवूनच म्हणाली, ‘आजी, याचं मागाहून काही राहत नाही गं. आत्ताच खायचा असतो.’

चौथा घेऊन भट्टीवरचा मुलगा स्वतःच आला. बहुतेक त्याने आमची सरकवासरकव बघितली असावी. त्याने ताटली आईंसमोर ठेवली, एक तुकडा कापून दिला आणि म्हणाला, ‘माताजी, गरम है तब तक खाइए.’ आणि उभाच राहिला. आता परक्या माणसाने एवढं म्हटल्यावर आईंना ताटली पुढे ढकलता येईना. त्यांनी तुकडा उचलला, बोटं भाजली, पुन्हा उचलला आणि खाल्ला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या काही बोलल्या नाहीत. दुसरा तुकडा त्यांनी कुणाला न विचारता घेतला. मग हिरवं पान बोटांत धरून वास घेतला आणि म्हणाल्या, ‘सब्जा घातलाय.’ बरोबर होतं. पिझ्झ्यावरचं बेसिल आणि आपल्या फालुद्यातल्या सब्ज्याचं झाड एकच. तुळस त्याच कुळातली, पण वेगळी. तुळस असती तर त्यांनी ती अशी चीजबरोबर खाल्ली नसती.

खाऊन झाल्यावर त्या उठून कट्ट्यापाशी गेल्या. रोह्याजवळच्या गावात त्यांचं लहानपण गेलं. चुलीवरचा स्वयंपाक त्यांनी लग्न होऊन ठाण्याला येईपर्यंत केला. तो मुलगा पिझ्झा आगीजवळ नेऊन कड भाजत होता, उलथण्याने थोडा तिरका उचलून ज्वाळेसमोर धरत होता. आई म्हणाल्या, ‘आम्ही भाकरी अशीच लावायचो.’ तव्यावर दोन्ही बाजूंनी झाली की तवा उतरवायचा, निखारे चुलीच्या तोंडाशी ओढायचे आणि भाकरी त्यांच्यासमोर उभी टेकवायची. एकाच जागी राहिली तर करपते, म्हणून बोटांनी फिरवत राहायचं. त्या मराठीत सांगत होत्या, मुलगा हिंदीत उत्तरं देत होता, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. त्याच्या गावी मंडुव्याची रोटी करतात, चुलीतच, निखाऱ्यांवर फुगवून. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. आईंना ते कळल्यावर दोघांचं बोलणं जे लांबलं ते टेबलावर बिल येऊन पडलं तरी संपेना. पिठात पाणी किती गरम घालायचं, नाचणीच्या भाकरीची कड का तडकते, ओल्या फाट्यांनी जाळ धरावा म्हणून फुंकणी किती वेळ फुंकायची.

घरी जाताना रिक्षात आई एवढंच म्हणाल्या, ‘त्याने उभं राहून खायला लावलं मला.’

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. गरम अन्न कुणाच्या वाट्याला येतं? आपल्याकडे तव्यावरची पोळी थेट ताटात पडण्याला केवढं महत्त्व आहे. बिनतुपाची चालेल, पण गरम हवी. ही गरम पोळी खाणारा बसलेला असतो आणि करणारी उभी असते, हे दोन्ही एकाच वेळी खरं असावं लागतं. आजोळी आधी पुरुषांची पंगत बसायची, मुलं त्यांच्याबरोबर. मग बायका. भाकऱ्या तोवर दुरडीत फडक्याखाली दमट झालेल्या असायच्या आणि त्यातली मोडकी, करपलेली जी असेल ती करणारीच्या वाटणीची. गॅस आला, डायनिंग टेबल आलं, घरात चारच माणसं उरली, तरी आमच्याकडे ओट्याशी उभं राहणारं माणूस शेवटीच बसत राहिलं. आधी आई, मग मी. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आणि कुणी थांबवलंही नव्हतं. आईंनी आयुष्यात हजारो भाकऱ्या भाजल्या असतील. त्यातल्या चुलीवरून थेट स्वतःच्या ताटात किती पडल्या असतील याचा विचार करताना मला फार वाईट वाटतं.

हॉटेलात जाऊन काय मिळतं याची उत्तरं लोक चव, बदल, हौस अशी देतात. मला वाटतं, घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी बसून गरम खाता येणं ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा ती गोष्ट लपवून ठेवू देत नाही. भाजीभात शेवटी बसणारीला निदान पुन्हा गरम करून घेता येतो. हा नाही येत. जो थांबला त्याचा गेला.

म्हणूनच असली ठिकाणं गावाच्या मधोमध असली पाहिजेत असं मला वाटतं. ठाण्याला हे नवं नाही. मामलेदार मिसळ लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जाऊन खातात. वडा कढईतून निघताना समोर उभं असावं लागतं. स्टेशन, जांभळी नाक्याचा बाजार, तलावपाळी, राम मारुती रोड हा सगळा भाग चालत ओलांडता येतो. कुणी लोकलमधून उतरून येतं, कुणी भाजी घेऊन, कुणी क्लास सुटल्यावर, आणि एका टेबलाशी सगळे जमतात. माझ्या दोन मैत्रिणी घोडबंदर रोडला मोठ्या सोसायट्यांत राहतात. त्यांच्या इथे खाली सगळं आहे, तरी जेवण बहुतेक वेळा लिफ्टने वर येतं. संध्याकाळी तिथून नौपाड्यात यायचं म्हणजे त्या कंटाळतात, आणि त्या रस्त्याची अवस्था बघता मी त्यांना दोष देत नाही. पण आल्या की निघता निघत नाहीत.

हे स्वस्त नाही, हेही सांगायला हवं. एका पिझ्झ्याच्या पैशात आम्हा चौघांची मिसळ होते. मूळ गावी हा गरिबांचा पदार्थ होता. एकोणिसाव्या शतकात नेपल्समध्ये फेरीवाले पत्र्याच्या डब्यांत पिझ्झे घालून डोक्यावरून गल्लोगल्ली विकायचे आणि लोक रस्त्यातच घडी घालून उभ्या उभ्या खायचे. पैसे नसले तर आज खा, आठ दिवसांनी दे, अशीही सोय होती. इथे येईपर्यंत तो हौसेचा झाला. पीठ, पाणी, मीठ, खमीर आणि टोमॅटो यांचे एवढे पैसे कसे होतात, असं आईंनीही विचारलं. मोझरेला महाग पडतं, लाकूड, जागेचं भाडं, सगळं खरं. तरी मनात येतं की म्हशीच्या दुधाचा हा देश, आणि मूळ मोझरेला तर म्हशीच्याच दुधाचं. ते इथे पुष्कळ बनायला लागलं तर काही फरक पडेल का? २०१७ साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पदार्थाला नव्हे, हातांच्या कसबाला तो मान दिला, हे मला फार आवडलं. आमच्या गल्लीतल्या त्या मुलाचे हात बघितल्यावर तर जास्तच.

धुराचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरच्या सुनावणीत मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पाव भाजणाऱ्या जुन्या भट्ट्यांना याचा मोठा फटका बसला, आणि हळहळ वाटली तरी मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. हिवाळ्यात सकाळी खिडकी उघडल्यावर इथली हवा कशी असते ते आम्ही बघतो. मी हे आईंना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, त्या लाकडाची बाजू घेतील. त्या म्हणाल्या, ‘धूर गेलेलाच बरा. माझ्या आईचे डोळे चुलीनेच गेले.’ चुलीच्या चवीबद्दल हळवं होऊन बोलणारे बहुतेक जण चुलीपासून चार हात लांब बसून जेवलेले असतात, आणि आई तिच्यासमोर बसलेल्या. त्यामुळे त्यांच्या शब्दाला माझ्या लेखी जास्त वजन आहे. नेपल्सच्या त्या संघटनेनेही आता विजेच्या काही भट्ट्यांना मान्यता दिलेली आहे. उद्या आमच्या गल्लीतली भट्टी गॅसवर गेली तरी मी जाणार. दीड मिनिटात फुगणारी कड आणि ती भाजणारा समोर दिसणारा माणूस, हे दोन्ही राहिलं की मला पुरे.

त्या माणसाचं जेवण कधी होतं, हेही मी एका दुपारी विचारलं. रात्री ओळीने पिझ्झे काढून तो आणि बाकीची मुलं साडेअकराच्या पुढे जेवतात, डाळ-भात, सकाळचा गरम केलेला. ऐकून मी गप्प झाले. मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. रोज भट्टी तापली की मैदा टाकून झाल्यावर एक गोळा नुसता थापून आत टाकतात, तळ नीट लागतोय का ते बघायला. वर फक्त तेल, मीठ, असली तर हिरवी मिरची. तो गिऱ्हाइकाला जात नाही. भट्टीसमोर उभ्या उभ्या तोडून सगळे खातात, वाढणारी मुलं, भांडी घासणाऱ्या मावशी, तो स्वतः. ‘पहला वाला हमारा,’ म्हणाला. मालकाला ठाऊक आहे. मालक असला तर तोही तुकडा घेतो.

ही रीत मी घरी आणली. रविवारी आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या असतात. आता पहिली भाकरी जो भाजतो त्याची. तव्यावरून उतरली की ओट्याशीच, लोण्याबरोबर नाहीतर लसणाच्या चटणीबरोबर, त्याने ती संपवायची आणि मगच दुसरा उंडा थापायला घ्यायचा. बाकीचे थांबतात. सुरुवातीला आई सारख्या उठून ‘मी बघते, तू जेवून घे’ म्हणायच्या, अजूनही म्हणतात. नवऱ्याच्या भाकऱ्या अजून गोल होत नाहीत, पण फुगतात. मुलगी मागच्या रविवारी पहिल्यांदा उभी राहिली. तिची उकड सैल झाली होती, भाकरी परातीतून उचलतानाच फाटली. ती तुकडे गोळा करून पुन्हा मळायला लागली, तेव्हा आई खुर्ची ओट्याजवळ ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘पिठी घे अजून जराशी. आणि घाई करू नकोस, आम्ही कुठे जात नाही.’